जनावरं रात्री कुठं बसतात, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालेल्या एका मुलाला पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात पीएच.डी.चं काम मिळण्याची शक्यता आहे. विषय बाजरी आणि पशुपालन. त्याचं गृहीतक: ‘चराऊ रानाच्या क्षमतेपेक्षा जनावरं जास्त आहेत म्हणून जमीन उजाड होते. जनावरं कमी केली आणि सुधारित बियाणं व रासायनिक खत दिलं तर उत्पादन वाढेल.’ त्याला विचारायचंय की प्लॉटचा आराखडा कोणता घ्यावा आणि एक हंगाम पुरेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. एक हंगाम पुरणार नाही. तीन तरी लागतील, आणि त्यातला एक वाईट गेला तर नशीब समजा, कारण खरं शिकायला त्याच वर्षी मिळतं. आराखड्याकडे मग येऊ, कारण मला अडचण गृहीतकातच दिसते. मी बारा वर्षं नायजरमध्ये काढली, त्यातली बरीचशी दक्षिणेकडच्या माराडी आणि झिंदर भागात, हौसा बोलणाऱ्या गावांत. गेले तेव्हा माझ्याही डोक्यात जवळजवळ हेच वाक्य होतं, म्हणून हसत नाही.

तुमच्या वाक्यात दोन प्रश्न एकात मिसळलेत. चरण्यानं जमीन बिघडते का, हा एक. जनावरं नसतील तर बाजरी पिकेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘कुठं आणि कधी चरतात त्यावर’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक शेतकऱ्यांसाठी ‘नाही’ असं आहे, आणि ते का, हे समजून घेणं हेच तुमचं संशोधन व्हावं असं मला वाटतं.

पहिला भाग पटकन संपवते. साहेलमधलं, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, बहुतेक गवत वर्षायू आहे. जूनमध्ये पाऊस आला की उगवतं, सप्टेंबरअखेर बी टाकून मरतं. नोव्हेंबर ते मेपर्यंत गुरं जे खातात ते वाळलेलं, आधीच मेलेलं गवत असतं. ते खाल्ल्यानं झाड मरायचा प्रश्नच नाही, बी मातीत पडलेलं असतं. नुकसान होतं ते पावसाळ्यात, बी धरण्याआधी एकाच जागी खूप जनावरं चरली तर, आणि वर्षभर विहिरींच्या, पाणवठ्यांच्या भोवती. १९६८ ते ७३ आणि पुन्हा १९८४ च्या दुष्काळात सगळीकडे उजाड दिसलं, तेव्हा दोष गुरांच्या माथी मारणं सोपं होतं. पुढं पाऊस सुधारला तशी साहेलच्या मोठ्या पट्ट्यात हिरवळ परतली. गुरं तर तिथंच होती. केनियाच्या तुर्काना भागात एलिस आणि स्विफ्ट यांनी १९८८ साली मांडलं ते हेच: जिथं पाऊस वर्षागणिक फार हेलकावे खातो, तिथं कळपाची संख्या गवतापेक्षा दुष्काळच ठरवतो, आणि ‘हेक्टरी अमुक जनावरं’ हा ठरीव आकडा कामाचा राहत नाही. माझं मत विचाराल तर तुमच्या प्रस्तावातून ‘क्षमता’ हा शब्द पहिल्याच पानावर काढून टाका. गरज पडली तर नंतर आणता येईल.

आता मुख्य गोष्ट. तिथली माती म्हणजे वाळू. सेंद्रिय अंश नावापुरता, स्फुरद (फॉस्फरस) इतका कमी की बहुतेक ठिकाणी बाजरीला पाण्याच्याही आधी स्फुरदच कमी पडतो. हेक्टरी तीन-चारशे किलो धान्य हे तिथं वाईट शेताचं लक्षण नाही, ते नेहमीचं आहे. (एकरात मोजायचं तर दीड क्विंटलच्या आसपास.) रासायनिक खत महाग आणि वेळेवर मिळेलच असं नाही. मग सुपीकता येते कुठून? रानातून, गुरांच्या पोटातून. दिवसभर लांब रानात चरून संध्याकाळी जनावर शेतात येऊन बसतं आणि रात्रीतून शेण-मूत तिथं टाकतं. आपल्याकडे धनगराला धान्य, पैसे देऊन शेतात मेंढ्या बसवतात, तसाच हा व्यवहार. तिथं शेतकरी आपल्या शेतात फुलानी (तिथला पशुपालक समाज) गुराख्याचा कळप आणतो, बदल्यात बाजरी देतो, कधी पाण्याचा हक्क, कधी नुसता जुना घरोबा.

पण हिशोब करा म्हणजे किती तुटवडा आहे ते कळेल. अडीचशे किलोची गाय दिवसाला वजनाच्या अडीच टक्के सुका चारा खाते असं धरा, म्हणजे सहा किलो. निम्मं पचतं, तीन किलो सुकं शेण बाहेर पडतं. त्यातलं निम्म्याहून थोडं कमी रात्री, म्हणजे सव्वा-दीड किलो. दहा गायी बसवल्या तर रात्रीला चौदा किलोच्या आसपास. उन्हाळ्याच्या दीडशे रात्री धरल्या तर दोन टन. हेक्टरी तीन टन टाकायचं म्हटलं तर अख्ख्या मोसमात एक हेक्टरसुद्धा भरत नाही. आणि तेवढ्या गायींना चरायला कित्येक हेक्टर रान लागलेलं असतं. म्हणून तिथलं शेत कधीच सारखं खतावलेलं नसतं. या वर्षी हा तुकडा, पुढच्या वर्षी तो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, फजितीतून कळलं. माझा पहिला प्रयोग अगदी शिस्तशीर होता: शेणखत हेक्टरी शून्य, दोन आणि पाच टन, चार रिप्लिकेशन, म्हणजे तोच संच चार वेळा. ऑगस्टच्या मध्यावर बघते तर तिसऱ्या रिप्लिकेशनमधला शून्याचा प्लॉट सगळ्यांत काळाभोर. पाच टनवाला शेजारी त्याच्यापुढं पिवळा. मी पिशव्यांवरची लेबलं तपासली, मजुरांवर चिडले, नकाशा उलटा धरला की काय म्हणून परत मोजणी केली. शेताचा मालक, सत्तरीचा म्हातारा, बांधावर इलेर टेकवून उभा होता. इलेर म्हणजे लांब दांड्याचं, उभ्यानं पुढं ढकलत तण कापायचं अवजार. वाळूत नांगर लागतच नाही, सगळी खुरपणी याच्यावर. तो म्हणाला, ‘तिथं दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या मेव्हण्याच्या गायी बसल्या होत्या. तू विचारलंच नाहीस.’ रात्री गुरं बसवलेल्या जागेचा असर दोन-तीन वर्षं सहज राहतो. माझं वर्ष गेलं, पण तेव्हापासून प्लॉट पाडण्याआधी मी एक दिवस शेतकऱ्याबरोबर नुसती चालते. कुठं गुरं बसली, कुठं जुनं वारूळ होतं, कुठं घर पडून गेलं, हे सगळं काठीनं वाळूत काढून घेते.

त्यात शेणाइतकाच मुताचा वाटा आहे, हे विसरू नका. नायजरमध्येच १९९० च्या दशकात पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं होतं: शेण आणून पसरण्यापेक्षा गुरं तिथंच बसवली तर बाजरी बरीच जास्त येते, कारण मुतानं मातीचा आम्लपणा कमी होतो आणि स्फुरद पिकाला सापडतो. गोठ्यातून गाढवावर लादून आणलेल्या खतात मूत कुठलं? म्हणजे ‘हेक्टरी टन’ असा एकच रकाना ठेवलात तर दोन वेगळ्या गोष्टी एक म्हणून मोजाल. प्रयोगात ‘बसवलेलं’ आणि ‘वाहून टाकलेलं’ हे वेगळे ठेवा.

पुढचा सापळा मालकीचा. अंगणात आठ जनावरं दिसली म्हणून त्या घराची आठ जनावरं, असं नाही. शेतकऱ्याच्या स्वतःच्या गायी बहुधा फुलानी गुराख्याकडे सांभाळायला असतात. त्या बसतात गुराखी सांगेल तिथं, आणि गुराख्याचं स्वतःचंही बाजरीचं शेत असतं. कागदावर मालक श्रीमंत, खत मात्र दुसऱ्याच्या शेतात. उलट फुलान्यांच्या कळपात त्यांच्या आपसांतल्या ‘हब्बानाए’ रीतीनं आलेल्या गायी असतात: ओळखीच्या माणसाला गाय द्यायची, तिची दोन-तीन वासरं त्यानं ठेवायची आणि मग गाय परत. आपल्या अर्धलीनं शेळी देण्याची ही लांबची बहीण, पण अर्धलीत वाटा असतो आणि इथं देणाऱ्याला वासरू मिळत नाही, मिळतो तो आधार. देणाऱ्याचा कळप उद्या बुडाला तर गाय घेणारा तोच माणूस त्याला गाय देईल.

आणि शेळ्या-मेंढ्या बहुतांशी बायकांच्या. नवरा तुम्हाला जनावरांचा आकडा सांगेल त्यात त्या असतीलच असं नाही, कारण त्याच्या लेखी त्या ‘घरातल्या’ आहेत. मी बाई असल्यामुळं अंगणाच्या आत जाऊ शकले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या सहकाऱ्याच्या आकड्यात जवळजवळ सगळ्या घरांत भर पडली. तुम्हाला तिथली एखादी बाई सोबत घ्यावी लागेल, आणि तिला फक्त दुभाषी म्हणून न ठेवता प्रश्नावली तिच्याबरोबर बसून लिहा. बकरी ईदच्या आधी दोन-तीन महिने घरोघरी एडका बांधून खिलवतात. त्याला लागतो चवळीचा वाळवलेला पाला. बाजरीच्या ओळींमधल्या चवळीचं धान्य किती आलं एवढंच मोजलंत तर त्या घरातल्या बाईचं अर्धं उत्पन्न तुमच्या तराजूवर चढलंच नाही.

सरमाडाची, म्हणजे कणसं काढल्यावर उरलेल्या ताटांची, गोष्टही अशीच. सादोरे हे गाव राजधानी नियामेपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला मुख्यालय असलेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचं साहेल केंद्र तिथं आहे. तिथल्या प्रयोगांत बाजरीचं सरमाड शेतात पसरून ठेवलं की वाऱ्यानं वाळू उडणं कमी होतं आणि उत्पादन वाढतं, हे पुन्हा पुन्हा दिसलं. त्यात काही खोट नाही. हेक्टरी दोन टन पसरा, असं सांगितलं जायचं. पण चारशे किलो धान्य देणाऱ्या शेतात सरमाड निघतं दीडेक टन. त्यातली ताटं कुडाला, छपराला, कुंपणाला, चुलीला जातात. उरलेलं, कापणीनंतर शेतं गुरांना मोकळी केल्याची तारीख जाहीर झाली की गावची आणि वाटसरू गुरं खातात, आणि ती खाताना शेण टाकतात. मग शिफारस चुकली कुठं? आच्छादनाचा फायदा मोजला, त्याची किंमत मोजली नाही. तुमच्या प्रयोगात सरमाडाचा एकेक भारा कुठं गेला त्याची नोंद ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या बारा वर्षांतली सगळ्यांत उपयोगी वही तीच.

आता तुमच्या ‘बियाणं आणि खत’ या भागाकडे. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. शेणखत पोषण निर्माण करत नाही, रानातून उचलून शेतात ठेवतं, आणि शेतं वाढून रान आक्रसत चाललं की उचलायलाही उरत नाही. बाहेरून थोडा स्फुरद यायलाच हवा. त्यासाठी तिथं जमलेली पद्धत म्हणजे टोकणीच्या खड्ड्यात चिमूटभर खत. बाजरी तिथं मीटर-मीटरवर खड्डा करून मूठभर बी टाकून लावतात, हेक्टरी दहा हजारांपर्यंत खड्डे. खड्ड्याला ६ ग्रॅम १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) किंवा २ ग्रॅम डीएपी, म्हणजे सोड्याच्या बाटलीचं झाकण किंवा तीन बोटांची चिमूट. हेक्टरी साठ किलो, डीएपी असेल तर वीसच. शेजारच्या बुर्किना फासोतल्या यातेंगा भागात याकुबा सावादोगो यांनी कडक झालेल्या जमिनीत ‘झाई’चे वीतभर खड्डे सुधारून त्यात शेणखत भरायला सुरुवात केली, तेही याच जातीचं शहाणपण: थोडं आहे ना, मग पसरू नका, मुळाशी द्या. तुमचा प्रयोग ‘जनावरं विरुद्ध खत’ असा न ठेवता ‘बसवलेल्या तुकड्यावर चिमूट’ आणि ‘न बसवलेल्या तुकड्यावर चिमूट’ असा ठेवलात तर शेतकऱ्याला त्यातून ठरवता येईल की विकत घेतलेली एक गोण कुठं वापरायची. हा त्याचा खरा प्रश्न आहे.

झाडांबद्दल दोनच वाक्यं. शेतात ‘गाओ’ची झाडं असतील, बाभळीच्या जवळची जात, पावसाळ्यात पानं गाळते आणि उन्हाळ्यात हिरवी होते, शेंगा गुरं आवडीनं खातात आणि सावलीला बसतात, त्यामुळं खालची बाजरी नेहमी उजवी असते. माराडीत १९८३ पासून टोनी रिनाऊदो यांनी शेतकऱ्यांबरोबर बुंध्यांतून फुटणारे धुमारे राखायला सुरुवात केली आणि ते लोण पुढं सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर गेलं, तेव्हा ‘झाड नसलेलं स्वच्छ शेत’ शोधत बसू नका. प्लॉटपासून प्रत्येक झाडाचं अंतर मोजून लिहा.

एवढं सगळं केलंत तरी अर्धी गोष्ट राहते, ती वाईट वर्षाची. शेळी तिथं दूध-मांसाआधी बँक आहे. जून ते सप्टेंबर, कणगी रिकामी आणि नवं पीक अजून उभं, तेव्हा शेळी विकून बाजरी आणायची. चांगल्या वर्षी हे चालतं. दुष्काळात सगळेच विकायला काढतात, जनावरं हडकुळी, भाव पडतात, आणि त्याच आठवड्यात बाजरी चढते. २००५ च्या टंचाईत माणसं अडकली ती या कात्रीत. म्हणून दर आठवड्याच्या बाजारी एवढंच लिहा: एका मोठ्या शेळीला किती किलो बाजरी येते. पैशांत नको, बाजरीत. तीन वर्षांनी हा एक रकाना तुम्हाला सांगेल की जनावरं कमी करा हा सल्ला कुठल्या महिन्यात, कुठल्या घराला परवडेल. माझ्या पाहण्यात तो कुणालाच परवडणारा नव्हता, फक्त ज्यांच्याकडे आधीच फार गुरं होती त्यांना सोडून.

याच बाजारात फुलानी बायका भोपळा कोरून केलेल्या मोठ्या वाडग्यांत ताक-दही घेऊन येतात आणि बाजरी घेऊन परत जातात. हौसात ‘फुरा द नोनो’ म्हणतात: बाजरीच्या पिठाचे शिजवलेले गोळे दह्यात कुस्करून. दुपारच्या उन्हात शेतात हेच जेवण. शेतकरी आणि गुराखी यांच्यातल्या मारामाऱ्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या खोट्या नाहीत. गुरांच्या वाटांवर शेतं चढली, गुरं कापणीआधी परतली की ठिणगी पडतेच. पण तुम्ही गेल्यावर आधी वाडगा बघा. भांडण आणि देवाणघेवाण त्याच दोन घरांत चालते, आणि तुमच्या प्रश्नावलीत दोन्हींना जागा हवी.

घरं निवडायची पद्धत तुम्हाला लांब शोधायला नको. १९७५ साली इक्रिसॅटनं आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, शिवाय अकोला आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातली प्रत्येकी दोन गावं घेतली होती. गावात चाळीस घरं: दहा मजुरांची, दहा लहान, दहा मध्यम, दहा मोठ्या शेतकऱ्यांची. माहिती घेणारा गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी पुन्हा जायचा. १९८० च्या दशकात तीच पद्धत बुर्किना फासो आणि नायजरला गेली. तुम्ही फक्त एक फरक करा: जमिनीच्या आकारावर गट पाडू नका. तिथं जमीन बऱ्यापैकी मिळते, खत मिळत नाही. गट पाडा ते ‘गेल्या तीन उन्हाळ्यांत तुमच्या शेतात कुणाची गुरं किती रात्री बसली’ यावर.

तर क्रम असा लावा: पहिला उन्हाळा नुसता फिरण्यात आणि बसलेल्या जागांचे नकाशे काढण्यात, मग गट, मग पावसाआधी प्लॉट, आणि बाजाराची वही पहिल्या दिवसापासून. गाईडना हे पटवणं अवघड जाईल, कारण पहिल्या वर्षी दाखवायला आकडे नसतील. त्यांना नकाशे दाखवा.

काही गोष्टी माझ्या हातात नाहीत, तुमच्याही नाहीत. नियामेभोवतालच्या तिलाबेरी प्रांतात बरीच वर्षं हल्ले चालू आहेत आणि जुलै २०२३ च्या सत्तापालटानंतर परदेशी संस्थांची कामं, परवानग्या सगळंच बदललं. तेव्हा गाव कोणतं हे नकाशा बघून ठरवू नका, तुमचे तिथले सहकारी सांगतील तिथंच जा. माराडी, झिंदर मिळालं तर बरं. तेही नाही मिळालं तर उत्तर नायजेरियातला कानो परिसर याच विषयासाठी उत्तम आहे. फ्रेंच कामापुरती शिकाच, पण गावात हौसा चालेल. आकडे आधी पाठ करा, मग खताला ‘ताकी’, बाजरीला ‘गेरो’, ज्वारीला ‘दावा’. आणि हो, ज्वारी-बाजरीच्या मुळाशी जांभळ्या-गुलाबी फुलांचं देखणं तण दिसलं तर फोटो काढण्याआधी ओळखा. तो पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या आपल्या टारफुल्याचाच भाऊबंद आहे, आणि तो जिथं दाट आहे ती जागा बहुधा वर्षानुवर्षं न खतावलेली असते.

तिकिटाचं म्हणाल तर जूनचं काढू नका. एप्रिलमध्ये पोहोचा. ऊन बेचाळीस-पंचेचाळीस असेल, पण गुरं तेव्हाच शेतात बसलेली सापडतील. पहिल्या पावसानंतर ती उत्तरेकडे निघून जातात आणि मग तुमच्या हाती फक्त बाजरी उरते.